झाकण उघडेल असा प्लेअर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फलटणमध्ये माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. यंदा ३४ वर्षं झाली. टेप आता कुणी आणत नाही, हरिपाठ आणि अभंग वाजवणारे छोटे एमपीथ्री प्लेअर मात्र भरपूर येतात. माउलींची पालखी विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला असली की रात्री अकरापर्यंत माझं शटर पडत नाही. दुकानाबाहेर दोन एक्स्टेन्शन बोर्ड मांडून ठेवतो, ज्याला हवं त्यानं चार्जिंग लावावं.

गेल्या वारीत परभणीकडच्या एक आजी आल्या. पदराच्या गाठीतून प्लेअर काढून म्हणाल्या, "बाबा, सकाळी भरून घेतला तरी दुपारच्या आत मुका होतोय बघ. लेकानं घेऊन दिलाय, चांगला महागाचा हाय." प्लेअर उलटासुलटा करून पाहिला, एक स्क्रू दिसेना. सगळं चिकटवलेलं. बायकोचा हेअर ड्रायर आणून कडा गरम केल्या, जुनं एटीएम कार्ड फटीत सारलं, तेव्हा कुठे झाकण निघालं. तेही एका कोपऱ्याला तडकून. आतली बॅटरी वेफर्सच्या पाकिटासारखी फुगली होती. अशा बॅटरीला टोक लागलं तर पेट घेते, म्हणून आधी आजींना लांब बसवलं.

बॅटरीवर ५०३०३५ असा आकडा होता. जाडी ५ मिलिमीटर, रुंदी ३०, लांबी ३५ असा त्याचा अर्थ. क्षमता ५०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास; प्लेअर जितके मिलिअँपिअर ओढतो तितक्यानं या आकड्याला भागलं की तास निघतात. आजींनी पिशवीत जपून आणलेल्या खोक्यावर मात्र '२० तास' असं ठळक छापलेलं. नवी बॅटरी जोडून मीटर लावला. इअरफोनवर पंचवीसेक मिलिअँपिअर, म्हणजे वीस तास खरेच. पण दिंडीत इअरफोन कोण लावतं? स्पीकर मोठा केला की काटा शंभरावर. पाच तासांत खेळ खलास, आणि तोही बॅटरी नवी असताना.

सगळा दोष कंपन्यांचा नाही, हेही सांगतो. वारी झाली की प्लेअर रिकामाच ट्रंकेत जातो, तो पुढच्या ज्येष्ठात बाहेर निघतो. लिथियमच्या बॅटरीला हे सोसत नाही. पडून राहिली तरी ती हळूहळू उतरते आणि फार खाली गेली की परत नीट उठत नाही. ठेवताना निम्मी भरून ठेवावी, दोन-तीन महिन्यांनी थोडी चार्ज करावी. उन्हात ट्रकच्या काचेपाशी तर ठेवूच नये.

तरीही बॅटरी ही झिजणारीच वस्तू. पाच-सहाशे वेळा भरली की तिचा दम कमी होणारच. मग ती चिकटवून का टाकायची? आजींच्या मागेच उभ्या असलेल्या एका माउलींकडे साधा चिनी डबा होता. त्यात नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी. झाकण नखानं उघडतं. दीडशे रुपयांत नवी घातली, चहा निवायच्या आत ते निघालेसुद्धा. महागाचा डबा घेतलेल्या आजी तासभर बसून. पूर्वी वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागायचे, ते कुठल्याही टपरीवर मिळत.

ही रड जुनीच आहे. २००१ साली पहिला आयपॉड आला, दहा तास चालणारा, पण बंदिस्त. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघा भावांनी त्याच्या जाहिरातींवर 'याची न बदलता येणारी बॅटरी १८ महिनेच टिकते' असं रंगानं छापत फिरून बोंब ठोकली होती. युरोपात आता कायदा झालाय: १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्याच्या जोडीला दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, एवढीच मागणी. खोक्यावर तासांच्या शेजारी बॅटरीचा एमएएच आकडा आणि ते तास स्पीकरवरचे की इअरफोनवरचे, हे छापावं. आणि झाकणाला स्क्रू द्यावेत. चार स्क्रूंना असा कितीसा खर्च येतो!

आजींचं तडकलेलं झाकण काळ्या टेपनं गुंडाळून दिलं. पैसे विचारायला लागल्या तर म्हटलं, "राहू द्या माउली, पहाटे बरडची वाट धरायचीय." त्यांची फुगलेली बॅटरी माझ्याकडे वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात आहे. तिच्यासारख्या आणखी ३७ आहेत. त्या नेमक्या कुठे नेऊन द्यायच्या, याचा आमच्या भागातला पत्ता आपण छापलात तर डबा रिकामा करता येईल.

– एक रेडिओ मेकॅनिक, फलटण (जि. सातारा)