मानशीच्या फळीखालचा दगड

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

निसर्गाच्या मदतीने किनारा वाचवायचा तो तुमचा कालचा लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा रागानेच. खारफुटी लावा, वाळूच्या टेकड्या राखा, पाणथळ जागा बुजवू नका, ही म्हणे जगाची नवी दिशा. आनंद आहे. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रापाड्याला खारफुटीमागच्या गावांत माणसं कमी दगावली, २००४ च्या सुनामीत तामिळनाडूतल्या पिचावरमला तेच दिसलं, हे सगळं लिहिलंत आणि ते खरंही आहे. पण गोव्याच्या पेपरात अर्धं पान आणि त्यात खाजन हा शब्द एकदाही नाही?

आमचं खाजन शापोरा नदीच्या काठाला. भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असलेली जमीन, तिला चिखलाचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. भरती चढली की मानशीची फळी पाण्याच्या जोराने आपसूक मिटते, ओहोटीला उघडते, आत साचलेलं पावसाचं पाणी पोंयीतून, म्हणजे खाजनातल्या ओहळातून, बाहेर जातं. वीज नको, पंप नको. बांधाच्या बाहेर नदीच्या अंगाला खारफुटीची रांग, लाटेचा पहिला मार ती खायची. यात नवी दिशा कुठली ते मला तरी कळलं नाही, आमच्या आज्याच्या आज्यालाही हीच दिशा माहीत होती.

आता आमची कथा ऐका. मानशीवर मासळी धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि तो ठेकेदार घेतो, हे इथे पोरासोरांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी भादव्याच्या अमावास्येला, भात पोटरीत असताना, रात्री अकराला मी बॅटरी घेऊन गेलो तर फळी मिटू नये, मासळी आत यावी म्हणून तिच्याखाली नारळाएवढा चिरा सरकवलेला, भरतीचं पाणी धो धो आत, आणि ठेकेदाराचा माणूस वर बसून जाळं सांभाळतोय. विचारलं तर म्हणे सकाळी काढतो. सकाळपर्यंत बांधाचा पाया खणला गेला होता, दुसऱ्या दिवशीच्या भरतीला बांध फुटला. आमचं कोरगुट भात खारं पाणी सोसतं हो, पण पंधरा दिवस त्यात बुडून राहिल्यावर तेही काय करणार.

मग सरकारी भिंत आली. सिमेंटची. ती बांधायला मशीन जावं म्हणून बाहेरची खारफुटी काढली, म्हणजे जी लाटा अडवत होती तीच. आमचे काका बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "चिखलाक सिमिट धरना रे." पुढच्या पावसात भिंत एका बाजूने कलली, अजून तशीच आहे, त्यावर बगळे बसतात. आणि पाणी आत येतच राहिल्याने शेतात खारफुटी उगवली, ती तोडायची परवानगी मागायला गेलो तर साहेब म्हणाले आता हे जंगल, हात लावायचा नाही. बाहेरची काढली ती विकासासाठी, आत घुसली ती संरक्षित! सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, २०११ च्या अधिसूचनेत गोव्याची खाजनं राखायची असं स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचून दाखवलं तर तेच साहेब चहा मागवतात.

वाळूच्या टेकड्यांबद्दल लेखात एक ओळ आहे तेवढी पुरे, मोरजीला वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटून बीच साफ करणाऱ्यांना ती कुणीतरी दाखवावी.

जाता जाता अजून एक. पूर्वी तुम्ही रोज भरती-ओहोटीच्या वेळा छापायचात, पान दोनच्या कोपऱ्यात. त्या गेल्या कधीच, त्या जागी राशिभविष्य आता रंगीत आलंय. मोबाईलवर मिळतं म्हणाल, पण मानशीवर बसणारे आमचे काका मोबाईल वापरत नाहीत, पेपर घेतात. वर्षाची वर्गणी भरून. त्या कोपऱ्यातल्या दोन ओळी परत द्या, मीन राशीला आज धनलाभ नाही छापलात तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पेडणे