पातेरा जाळू नका, आम्हांला द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या सकाळी फोंड्याला जाताना रस्त्याकडेला जागोजागी धूर दिसतो. आंबा, फणस, रेनट्रीचा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पाने, खराट्याने लोटायची, ढीग करायचा आणि काडी लावायची. त्याच रस्त्याने मी विकत घेतलेल्या शेणखताच्या गोणी घेऊन कुळागरात, म्हणजे माझ्या माड-पोफळीच्या बागेत, परततो.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली, साध्या जाळण्याला पाच हजार रुपये भरपाईही ठरवली. पण मी कुणाकडे बोट दाखवणार नाही, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही जाळतच होतो. काजूचा हंगाम तोंडावर आला की झाडाखालचा पातेरा काढायची आमच्याकडे रीतच आहे. पडलेला बोंडू, म्हणजे काजूचे फळ, नीट दिसला पाहिजे ना! लोटण्याबद्दल तक्रार नाही, काडीबद्दल आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे आपण विसरलो नसू. ते कसे लागले हा वाद बाजूला ठेवू, पण त्या दिवसांत रान किती कोरडे असते ते तेव्हा सर्वांनी पाहिले.

आपली जमीन जांभ्याची, आंबट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या मातीवर तो थेंब आदळतो तेव्हा वरचा कसदार थर ओहोळात जातो. झाड मात्र खोल मुळांनी चुना, पालाश वर ओढते आणि पानातून पुन्हा जमिनीवर टाकते. पान जाळले की नत्र धुरात जाते. राखेत उरते तेही पहिल्या पावसात वाहून जाते. थंड मुलखात पाने कुजून झालेला ह्यूमस वर्षानुवर्षे टिकतो. इथे ऊन आणि ओल मिळून तो भराभर संपवतात. म्हणून आच्छादन दरवर्षी घालावे लागते. माडाच्या आळ्यात वीतभर पातेरा असला की एप्रिलमध्ये खालची माती हाताला गार लागते. मी शिंपण्याच्या पाळ्या कमी केल्या आहेत, माड कुरकुरलेले नाहीत.

चुकाही केल्या. पहिल्या वर्षी उत्साहाने सुकी पाने मातीत कालवली आणि वर भेंडी लावली. रोपे पिवळी पडली. सुके पान कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात, हे नंतर कळले. पान वर पसरावे, कालवू नये. कालवायचेच असेल तर आधी खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवावे. बुंध्याला टेकवूनही चालत नाही. ओल धरून साल कुजते आणि वाळवीला आयते घर मिळते. चारपाच बोटे जागा सोडावी. काजूचे आणि आंब्याचे पान चिवट, लवकर कुजत नाही, त्यामुळे आच्छादनाला उत्तम. रेनट्रीचे बारीक पान लवकर मुरते. आणि हो, पातेऱ्यात हात घालण्याआधी काठीने चाळवा. फुरसे त्याच रंगाचे असते.

जंगलातला पातेरा मात्र कुणी गोणी भरून आणू नये. तो रानाचाच आहे. माझे म्हणणे शहरातल्या, देवळांच्या आवारातल्या, शाळांच्या मैदानावरच्या पानांबद्दल आहे. तिथे माती नाही, डांबर आणि पेव्हर आहेत. पान पडून कुजायला जागाच नाही.

नगरपालिका आणि पंचायतींनी जानेवारी ते मार्च एवढे तीन महिने तरी झाडलेली पाने प्लास्टिकपासून वेगळी ठेवावीत आणि प्रभागात एखादा कोपरा ठरवून तिथे टाकावीत. उचलण्याचा खर्च पालिकेने करू नये. पिकअप आमची, मजूरही आमचे. फक्त त्यात गुटख्याच्या पुड्या आणि बाटल्यांची झाकणे नकोत. गेल्या वर्षी एका ढिगातून मी ती अर्धी बादली वेचली.

आपला,
एक बागायतदार वाचक
फोंडा तालुका, गोवा