कूलर बंद केल्याबद्दल आभार, काका

प्रिय काका,

मे महिन्यात तुम्ही मला नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या माडीवर सिनेमा बघायला बोलावलंत आणि नावं सुरू होताच कूलर बंद केलात. बाहेर ४५ अंश! "हा सिनेमा ऐकायचा आहे," म्हणालात. जन्मभर टॉकीजची मशीन चालवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

सिनेमा होता अमेरिकी दिग्दर्शिका केली रायकार्टचा, २०१०चा 'मीक्स कटऑफ'. १८४५चं ओरेगन, वाट चुकलेल्या बैलगाड्या, बंदुका, म्हणजे वेस्टर्नच, अमेरिकेच्या पश्चिमेकडचा साहसपट. पण पुरुष बाजूला जाऊन मसलत करतात तेव्हा कॅमेरा बायकांपाशीच थांबतो. त्यांच्या कानावर येईल तेवढंच आपल्याला ऐकू येतं. चित्रही जवळपास चौकोनी, त्यांच्या बॉनेटमधून, म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू झाकणाऱ्या टोपीतून, दिसावं तसं. भर उन्हात तोंडाला स्कार्फ गुंडाळून वर्धा रोडवर गाडी हाकणाऱ्या मला ती चौकट लगेच ओळखीची वाटली.

माझी पटकथा तेव्हा अडली होती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातली चोरी, मग पाठलाग. एका निर्मात्यानं बजावलं होतं, "बाईचा सिनेमा कर, नाहीतर थ्रिलर कर." आणि मी निमूटपणे बाईला कडेला सारलं होतं. (याची आजही लाज वाटते.) तुम्ही चार पानं चाळलीत आणि म्हणालात, "कॅमेरा काऊन मालकाच्या केबिनमध्ये ठेवला? झाडणारी बाई तर दाराबाहेर आहे न!"

आता चोरीचा बेत दाराबाहेरूनच, खराट्याच्या आवाजातून, अर्धामुर्धा ऐकू येतो. बघणारे पुढे सरकून बसतात. पाठलाग काढून टाकला. तेवढे पैसेही वाचले.

आणि तो चहा. दुसऱ्यांदा अनुदानाला नकार आला तेव्हा तुम्ही धीरबीर काही दिला नाहीत, नुसता हिशेब मांडलात: रायकार्टचा पहिला मोठा सिनेमा १९९४चा, दुसरा २००६चा. मध्ये बारा वर्षं. आजही ती कॉलेजात शिकवते, स्वतःच्या सिनेमांचं एडिटिंग बहुतेक स्वतःच करते. मग म्हणालात, "तुझं तर दुसरंच वर्ष आहे. साखर घे."

तुमची हार्ड डिस्क अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देते, सोबत आपला सिनेमाही. येताना तर्री-पोहे आणू, की काकूंनी अजून बंदच ठेवलेत? कूलर मात्र मीच बंद करणार.

तुमची,
माडीवरची प्रेक्षक