‘नेटकरी भडकले’, पण किती?

संपादक महाशय,

ओळखीच्या नायिकेच्या भूमिकेत वेगळ्या वर्णाची अभिनेत्री घेतली की ‘नेटकरी भडकले’ हा मथळा ठरलेला असतो आणि खाली चार-पाच कॉमेंटी. भडकले किती, हे कोणी मोजत नाही. अशा प्रतिक्रियांवर प्रकल्प करणारे विद्यार्थीही इथेच फसतात.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या दिग्दर्शकाला आलेली ट्विट संशोधक मॉर्टन बे यांनी तपासली. ९६७ पैकी २०६ नकारात्मक. त्यांतली ११ बॉटची (म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांची), ३३ ट्रोल वा बनावट खात्यांची, ६१ राजकीय हेतूची. खरोखर नाराज प्रेक्षक उरले १०१. पण निम्मी टीका रशियन ट्रोलांची, असे मथळे झळकले. रशियन वाटणारी खाती होती अवघी १६! अर्थात, माणसाला नको-नको करून सोडायला थोडे लोकही पुरतात. याच चित्रपटातल्या अभिनेत्री केली मेरी ट्रान यांनी ऑनलाइन छळानंतर जून २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरच्या आपल्या पोस्ट काढून टाकल्या.

‘बॉयकॉट’ शब्द टाकून शोधाल तर शिव्याच सापडणार. त्यापेक्षा एका ट्रेलरखालच्या कॉमेंटी ‘टॉप’ नव्हे, ‘नवीन आधी’ अशा लावाव्यात आणि दर दहावी उचलावी. त्याच दिवशी जतन करावी, कारण वाईट कॉमेंटी आधी गायब होतात. कॉमेंटी आणि खाती वेगवेगळी मोजावीत. पन्नास कॉमेंटी एकाच गड्याच्या असू शकतात. यूट्यूबने नापसंतीचा आकडा नोव्हेंबर २०२१ पासून लपवला आहे. त्यानंतर बाहेर फिरणारे आकडे बहुधा ब्राउझरच्या एक्स्टेन्शनने बांधलेले अंदाज असतात, ते मोजणीत धरू नयेत.

खरी गोची वर्गवारीत आहे. ‘कथा फसली’ ही टीका. ‘हिला कशाला घेतलं’ यात टीका की आकस, ते पुढचे-मागचे वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच शंभर कॉमेंटींवर खुणा कराव्यात. मेळ बसला नाही, तर व्याख्या सुधारून नव्या शंभर घ्याव्यात. नुसत्या टक्केवारीवर भुलू नये. नव्वद कॉमेंटी निरुपद्रवी असल्या, तर डोळे झाकूनही मेळ बसतो. म्हणून ‘कोहेन्स कॅपा’ (Cohen's kappa), म्हणजे योगायोगाने बसणारा मेळ वजा करून खरा मेळ सांगणारा आकडा, काढावा. मराठीत उपरोधाने घोळ होतोच, वर रोमन लिपीत ‘कला’ आणि ‘काळा’ एकसारखेच उमटतात. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २५ हजारांवर मराठी ट्विटांवर खुणा करून द्वेषभाषेचा संच केला आहे. त्यातले द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि यांपैकी काही नाही, हे चार गट सुरुवातीला उपयोगी पडतील. अहवालात खात्यांची नावे देऊ नयेत आणि कॉमेंट जशीच्या तशी छापू नये. शोधली की माणूस सापडतो.

‘भूमिकेला शोभत नाही’ ही तक्रार सांगलीत ऐकली की गंमत वाटते. १८४३ मध्ये इथे विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा सीता पुरुषच झाला होता.

आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे: असा मथळा देताना किती कॉमेंटी, किती खाती आणि कोणत्या तारखांच्या, हे एका ओळीत छापावे.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली