जोत्याच्या भरावासाठी चुकीचे मशीन दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, बांधकाम यंत्रे भाडे विभाग

विषय: प्लेट कॉम्पॅक्टरचे भाडे परत मिळणे व वाया गेलेल्या मजुरीची भरपाई

महोदय,

घराच्या दोन खोल्यांच्या जोत्यात सात ब्रास मुरूम भरायचा होता. दबाईसाठी मशीन हवे म्हणून मी तुमच्याकडे फोन केला. समोरून दोनच प्रश्न आले, खोल्या केवढ्या आणि मशीन किती दिवस लागेल. भरायचे काय, हे कोणी विचारलेच नाही. मी आपणहून सांगितले, की मुरूम मातकट आहे, हाताला चिकटतो. त्यावर उत्तर मिळाले, "सगळ्याला हेच चालतं." दुसऱ्या दिवशी प्लेट कॉम्पॅक्टर दारात हजर.

मशीन बिघडलेले नव्हते, सुरू एका झटक्यात झाले. पण ते खडी, कच, वाळू बसवायचे मशीन. थरथरीने दाणे सरकून एकमेकांत बसतात, तिथे त्याचा उपयोग. चिकट मुरुमाला वरून ठोका लागतो, म्हणजे रॅमर लागतो, ज्याला साइटवर जंपिंग जॅक म्हणतात. आमच्याकडे प्लेटच्या बुडाला चिखलाची पोळी चिकटत होती आणि पोरगा दर दहा मिनिटांनी ती थापीने खरवडत होता. मशीन पोहोचवायला आलेला तुमचा माणूस म्हणाला, "फुटाचा थर टाका, दोन फेऱ्या मारा." मिस्त्री सहा इंचांवर अडून बसले होते. मी त्यांचे न ऐकता तुमच्या माणसाचे ऐकले, तेवढी चूक माझी.

दोन दिवसांनी वरून जमीन टणक दिसत होती, बूट वाजत होता. फरशीखालचे दगडांचे सोलिंग टाकण्याआधी मिस्त्रींनी मधोमध पहार टेकवली आणि नुसत्या हाताने दाबली. वरचे चार बोटे सोडले तर पुढे ती सरळ हातभर आत गेली. भिंतीकडेला तर जोरही लावावा लागला नाही. त्यावर कोबा आणि फरशी केली असती, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर खोली मधोमध बसली असती.

सगळा भराव उकरून सहा-सहा इंचांच्या थरांनी पुन्हा केला. मूठभर मुरूम वळला की गोळा व्हावा आणि खाली टाकल्यावर दोन-तीन तुकडे व्हावेत, इतकेच पाणी मारले. रॅमर दुसरीकडून आणला, कोपऱ्यांत हाताचे धुमस वापरले. आता पहार दोन बोटांवर अडते.

दोन दिवसांचे भाडे 3,000 रुपये आणि उकरण्याची चार मजुरांची एक दिवसाची मजुरी 2,800 रुपये, असे एकूण 5,800 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. तुमच्या पावतीवर नुसते 'कॉम्पॅक्टर' लिहिले आहे. त्या पावतीची प्रत आणि पहारीचे फोटो सोबत जोडले आहेत. मुदतीत उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आणि फोन घेणाऱ्या मुलाला सांगा, आधी "भरताय काय?" हे विचारत जा.

आपला ग्राहक
(सही)