मनू, घराची घाई करू नकोस

सांगली

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मला आता स्वतःचंच घर घ्यायचंय, हप्ता कितीही बसू दे." आणि लगेच मामाने पाठवलेलं बदलापूरच्या प्रोजेक्टचं ब्रोशर मला फॉरवर्ड केलंस. तेव्हा मी फार बोलले नाही, कारण तू चिडलेली होतीस आणि चिडलेल्या माणसाच्या कानात आकडे शिरत नाहीत. म्हणून लिहिते आहे. रविवारी चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी त्या चिडण्याबद्दल. तुझ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुला गेटवर थांबवलं आणि वॉचमनच्या वहीतून तुझ्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं हे चारचौघांत वाचून दाखवलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. आलेला मुलगा चुलतभाऊ होता की ऑफिसातला मित्र, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. तू भाडं वेळेवर देतेस, मेंटेनन्स मालक भरतो, त्यापलीकडे त्यांना काय हवंय? बाबा तर दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून यायला निघाले होते. "आपलं घर असतं तर कोणाची हिंमत झाली असती का?" हा तुझा प्रश्न मला कळतो. पण त्या वहीच्या रागात वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊ नकोस. ते घर सोड, दुसरं बघ. महिन्याभरात होणारं काम आहे.

मामाचं एक ठरलेलं वाक्य आहे, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात केल्यावर मला ते ऐकवत नाही. तुझ्याच बिल्डिंगचा हिशेब घे. तुझं भाडं ३८,०००. वरच्या मजल्यावरचा तसाच वन बीएचके १ कोटी ३० लाखांना विकायला काढलाय, असं एजंट म्हणाला होता. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त बँकेला देता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे कर्ज ९७ लाख ५० हजार आणि पदरचे ३२ लाख ५० हजार. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के आहे, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ५, म्हणजे साडेसहा लाख. नोंदणी फी ३०,०००. एजंटची दलाली वेगळी. हे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, आपणच उभे करायचे असतात. दाराला तोरण लागायच्या आधीच चाळीसेक लाख हवेत, आणि तुझ्याकडे एफडी, पीएफ सगळं धरून बारा आहेत.

आता हप्ता. व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर महिन्याला साधारण ८१,५५०. त्यातले पहिल्या महिन्यात व्याजापोटी किती जातात माहितीये? ६५,०००. मुद्दलात जेमतेम साडेसोळा हजार. भाड्याचे ३८,००० पाण्यात जातात म्हणणारी माणसं हे ६५,००० कुठे जातात ते कधी सांगत नाहीत. पूर्ण मुदतीत एक कोटी पंच्याण्णव लाखांवर भरशील. आणि नव्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' हे मामाचं दुसरं वाक्यही तुला लागू नाही. तुझ्या हातात १ लाख २० हजार येतात. अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी अर्जदाराला समोर बसवून समजावलं असतं आणि फाइल परत दिली असती. पगाराच्या दोन तृतीयांश हप्ता म्हणजे एक आजारपण किंवा एक गेलेली नोकरी, की सगळं कोलमडतं. असे लोक मी पाहिलेत. हप्ते थकल्यावर बँकेत येताना ते कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत. त्या खुर्चीत मला तू नको आहेस.

हे वाचून आई घर घेण्याच्या विरोधात आहे, असं समजू नकोस. घर असावंच. भाडं दर वर्षी वाढत जातं, हप्ता कधीतरी संपतो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की तुला उठावं लागतं. भिंतीत खिळा ठोकायचा तर विचारावं लागतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर मालकाला नवं घर मिळतं, तुला फक्त नोटीस. हे सगळं खरं आहे. बाबांच्या बदल्या थांबेपर्यंत आम्हीही मिरज, जत, इस्लामपूर असं भाड्यानेच राहिलो. कुठे राहायचं हे नक्की झालं, तेव्हा सांगलीत घर घेतलं.

तुझं अजून नक्की नाही, हीच खरी अडचण आहे. तू मुंबईत दिवाळीनंतर गेलीस. अजून तिथला एक पावसाळाही पाहिला नाहीस. कोणत्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, अंधेरीचा सबवे कितीदा बंद होतो, पश्चिमेच्या भिंतीतून कुठल्या घरात ओल येते, मे महिन्यात कुठल्या सोसायटीच्या दारात टँकरची रांग लागते, हे ब्रोशरमध्ये नसतं. ते तिथे राहूनच कळतं. तुझं ऑफिस आज बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, उद्या कंपनीने ऐरोलीला हलवलं तर? मुंबईत माणूस शहरात राहत नाही, लाइनवर राहतो. वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर, हे एकदा चुकलं की रोजचं आयुष्य चुकतं. त्यात आता मेट्रोने सगळा नकाशाच बदलत चाललाय. २०२४ मध्ये आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो सुरू झाली म्हणून तर तू मरोळला राहून घामाचा थेंब न गाळता ऑफिसात पोचतेस.

आता मामाचं बदलापूर. ५० लाखांचा फ्लॅट, ४० लाखांचं कर्ज, हप्ता साडेतेहतीस हजार. 'भाड्याएवढ्याच हप्त्यात स्वतःचं घर' असं मोठ्या अक्षरात छापलंय. खाली बारीक अक्षरात ताबा तीन वर्षांनी. तोवर बँकेने बिल्डरला जितके पैसे दिले असतील त्यावरचं व्याज तू भरणार आणि मरोळचं भाडंही तूच भरणार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी अडीच लाख. ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, मिळालेल्या तयार घराला जीएसटी नसतो. आणि ताबा मिळाल्यावर? पहाटे उठून बदलापूर लोकल, कुर्ल्याला गर्दीतून बाहेर पडायचं, मग बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग, आणि संध्याकाळी तेच उलट. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात. हजारो माणसं हे रोज करतात आणि त्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडते, पण त्यातल्या बहुतेकांना दुसरा पर्याय नव्हता. तुला आहे. मामाचा जीव तुझ्यावर आहे हे मला माहीत आहे, त्याला मी फोन करते. तू त्याच्याशी वाद घालू नकोस.

आपण दोघी घोडबंदर रोडला सँपल फ्लॅट बघायला गेलो होतो, ते लक्षात ठेव. मी पर्समधून टेप काढली तेव्हा ती सेल्सची मुलगी जरा गोरीमोरी झाली. बेडरूममधला पलंग पाच फूट आठ इंच लांब होता. बाबा त्यावर पाय दुमडून झोपले असते. कपाटाची खोली इतकी कमी की हँगर आडवा बसेना, तिरका लावावा लागला. खोल्यांना दारंच लावलेली नव्हती आणि एक अख्खी भिंत आरशाची होती. म्हणून तुला ते घर मोठं वाटलं होतं. पुढे कधीही घर बघायला गेलीस तर टेप घेऊन जा. ब्रोशरवरचा आकडा विसरून करारात लिहिलेला कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, बघ. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची तारीख वाच, ती कितीदा पुढे ढकललीय तेही बघ. करार नोंदवायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला मागता येत नाहीत, हे कायद्यात आहे. 'आज बुक केलंत तर' असं कोणी म्हणालं की उठून ये.

तर आता काय करायचं. नवं भाड्याचं घर बघ, मेट्रोच्या जवळच. मालकाशी बोलण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जा आणि एकट्या मुलींना घर देताना काय नियम लावता, ते स्पष्ट विचार. जमलं तर त्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एखाद्या मुलीशीही बोल. अकरा महिन्यांचाच करार करायला हवा, असं काही नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, तीन वर्षांचाही होतो. दर वर्षीची वाढ आत्ताच लिहून घे. दर अकरा महिन्यांनी एजंटला एक भाडं देत बसायला नको. एजंट म्हणेल, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात, हे मालकाला गोड शब्दांत सांग, तो मुकाट्याने नोंदवेल. डिपॉझिट बँकेतूनच दे. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, गीझर, खिडक्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेव, म्हणजे सोडताना रंगाच्या नावाखाली कोणी डिपॉझिट कापणार नाही. आणि हेवी डिपॉझिट देऊन भाडं माफ, अशा घराच्या वाटेला जाऊ नकोस. आपले लाखो रुपये एका अनोळखी माणसाकडे अडकतात आणि सोडताना तो म्हणतो, नवा भाडेकरू आला की देतो.

एक मात्र मी सक्तीने सांगणार आहे. भाड्याने राहण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा वाचलेले पैसे खरोखर बाजूला पडतात. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी ४०,००० वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत, त्याचं रिकरिंग कर किंवा एसआयपी, पण त्याला हात लावायचा नाही. तीन वर्षांत मुद्दलच चौदा लाखांवर जाईल. तोवर तुझा पगारही वाढलेला असेल आणि कुठल्या लाइनवर, कुठल्या गल्लीत राहायचं हेही तुला कळलेलं असेल. मग नव्या टॉवरच्या मागे न लागता एखादी जुनी, नीट ठेवलेली सोसायटी बघू, जिला ओसी मिळालेली आहे आणि जिचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं आहे. हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. कमी पडतील त्यासाठी कुपवाडचा प्लॉट आहे. बाबा तो आत्ताच विकायला तयार आहेत, मीच थांबवलंय. तो तुझ्यासाठीच ठेवलाय, त्यामुळे मागायला संकोच करू नकोस. फक्त या वर्षी नाही.

शनिवारी दोन घरं बघणार आहेस ना? जे आवडेल त्याच्या कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचून रात्री फोन करते. आणि सध्याच्या मालकाला नोटीस लेखी दे, करारात एक महिन्याची लिहिली आहे. डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई