शिसं तपासा, मग पोराला ढ म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुसरी-तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही, एका जागी बसत नाही, की आपण लगेच मोबाइलवर, आईबापावर नाहीतर बाईंवर बिल फाडून मोकळे होतो. शिसं पोरांच्या मेंदूला इजा करतं, पण त्याचं नाव कुणाच्या तोंडात येत नाही. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणाऱ्या प्युअर अर्थ या संस्थेचा २०२० चा रिपोर्ट म्हणतो की जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला (म्हणजे १०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यातली साधारण २७.५ कोटी एकट्या भारतातली!

पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, घराच्या रंगाला २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा आली, म्हणून लोकांना वाटतं विषय संपला. पण जुन्या चाळीतल्या खिडक्यांवर जुन्या शिसंवाल्या रंगाचे थरावर थर तसेच आहेत, पोपडे निघतात, रांगतं पोर तेच हात तोंडात घालतं आणि मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शिसं शोषून घेतं. अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, म्हणजे गरिबाच्या पोराला दोन्हीकडून मार.

सगळ्यात वाईट प्रकार भंगारातल्या बॅटऱ्यांचा. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी फोडायची, ॲसिड गटारात सोडायचं, आतल्या शिशाच्या प्लेटा भट्टीत वितळवायच्या आणि संध्याकाळी त्याच कपड्यात घरी जाऊन पोराला कडेवर घ्यायचं. त्या कामगाराला काय बोलणार, त्याचं पोट आहे त्यावर. पण वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नीट रिसायकल करायची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी कंपन्यांवर टाकलीय, ती कोण बघतंय?

नंतर औषध देऊ म्हणाल तर तेही नाही. अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, २००१ मध्ये छापून आली, गोळ्यांनी रक्तातलं शिसं उतरलं पण मुलांचा बुद्ध्यांक काही वाढला नाही. म्हणजे आधीच पकडायला हवं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते, वजन-उंची, दात, डोळे बघून जाते. त्याच वेळी, निदान भट्ट्यांच्या आसपासच्या वस्त्यांत तरी, एक-दोन वर्षांच्या मुलांचं शिसं तपासा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आकडा सांगणारी मशीन मिळतात, जास्त निघालं तर शिरेतलं रक्त लॅबला पाठवून खात्री करायची, आणि वॉर्डप्रमाणे आकडे जाहीर करायचे.

– एक वाचक, ठाणे